पडलेलें पांखरूं

दिवसभर तापलेल्या आभाळांत सायंकाळीं ढग जमावे, वारा सुटावा आणि वळिवाची एक सर कौलांवरून धडधडत निघून जावी, हा नागभीडच्या बाजूला उन्हाळ्याच्या अखेरीस नेहमींचा क्रम आहे. पाऊस थांबतांच मुलें सांदवाडींत धांवतात. घरामागच्या परसाला झाडीपट्टींत सांदवाडी म्हणतात. आंब्याखालीं कैऱ्यांचा सडा पडलेला असतो, शेवग्याची फांदी मोडलेली असते. आणि एखादे वेळीं त्या ओल्या पाचोळ्यांत आणखीहि कांहींतरी हलत असतें. अंगावर नुकतीं फुटलेलीं पिसें, आंखूड शेपूट, चोंचीच्या कडा अजून पिवळ्या. बुलबुलाचें किंवा साळुंकीचें पिलूं असतें तें. मूल तें ओंजळींत उचलून घरांत आणतें आणि घरांत एकच धांदल उडते. आजी म्हणते, "माणसाचा हात लागला त्याले, आतां त्याची माय त्याले घेत नाहीं." कोणी चमच्यानें त्याच्या चोंचींत पाणी सोडतो, कोणी दूधभात कालवून आणतो. रात्रीं सगळेजण आळीपाळीनें उठून त्याला पाहून येतात. आणि सकाळ होते तेव्हां बहुधा तें पांखरूं मेलेलें असतें.

घरांत कोणाच्याहि मनांत दयेची उणीव नव्हती. मग उणें कशाचें पडलें? हा प्रश्न एका सांदवाडीपुरता दिसतो. परंतु त्याला मोठा इतिहास आहे. गेल्या दोनशें वर्षांत तो या देशांत अनेकदां उभा राहिला, आणि एकदां तर त्याचें उत्तर इतकें चुकलें कीं, कोट्यवधि पक्ष्यांचा त्यांत बळी गेला. तो इतिहास थोडक्यांत पाहण्याजोगा आहे.

संस्कृत काव्याचा आरंभच एका घायाळ पक्ष्यापाशीं झाला, असें परंपरा सांगते. व्याधाच्या बाणानें क्रौंचाच्या जोडींतील नर पडला, मादी आक्रोश करूं लागली, आणि तो शोक पाहून वाल्मीकींच्या मुखांतून पहिला श्लोक निघाला. हा क्रौंच म्हणजे नेमका कोणता पक्षी, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. परंतु जोडीनें राहणारा सारस हाच तो असावा, असें कांहीं अभ्यासकांनीं साधार प्रतिपादिलें आहे. त्याच रामायणांत सीतेसाठीं लढून पडलेल्या जटायूचें उत्तरकार्य रामानें पुत्राप्रमाणें केलें. आणि जटायु हा गृध्र, म्हणजे गिधाडांच्या कुळांतला. महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर विदर्भाशीं ज्यांचा निकट संबंध, त्या महानुभाव पंथाच्या लीळाचरित्रांत तेराव्या शतकांतील एक हकीकत आहे. पारध्यांनीं पाठ धरलेला ससा श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयाला आला आणि स्वामींनीं त्याला अभय दिलें. मराठी गद्याच्या पहिल्याच ग्रंथांत ही गोष्ट यावी, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

या कथांत संकटांत सांपडलेला जीव समोर असतो आणि त्याचा शत्रूहि समोर असतो. पारधी दिसतो, बाण दिसतो. म्हणून काय करावें हें शोधीत बसावें लागत नाहीं. धैर्य मात्र लागतें. शिबिराजाची कथा थोडी निराळी आहे. शरण आलेलें कबूतर वांचवावें तर त्याच्या मागें लागलेला ससाणा उपाशी मरतो, हें त्या राजानें ओळखलें आणि दोघांचाहि हक्क मानून स्वतःचें मांस तोलून दिलें. पांखराला साह्य करावयाचें तर त्याचें अन्न कोणतें आणि त्याचे शेजारी कोण, हेंहि पाहावें लागतें, ही जाणीव त्या कथेंत आहे. पुढें आश्रय देण्याची वृत्ति समाजांत टिकून राहिली. ही दुसरी जाणीव मात्र फार उशिरा परत आली.

आश्रयाच्या या वृत्तीला अर्वाचीन काळांत संस्थेचें रूप आलें तें मुंबईंत. १८३२ सालीं मोकाट कुत्रीं मारण्याचा सरकारी हुकूम निघाला, त्यावरून पारशी समाज खवळून उठला आणि शहरांत दंगा झाला. त्यानंतर दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें मुंबईची पांजरपोळ निघाली. म्हातारीं गुरें, लंगडीं जनावरें, पंख मोडलेलीं पांखरें अशा निराधार जीवांना तेथें दाणापाणी मिळूं लागलें. १८७४ सालीं प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी मंडळी मुंबईंत स्थापन झाली आणि पुढच्या दशकांत परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें. दिल्लीस चांदणी चौकांतील जैन मंदिराच्या आवारांत तर केवळ पांखरांसाठीं धर्मार्थ रुग्णालय आहे. तेथें मांसाहारी पक्ष्यांवर औषधोपचार होतात. पण शाकाहारी पक्ष्यांबरोबर त्यांना आंत ठेवून घेत नाहींत. दयेलाहि आवडनिवड असते, हें त्यावरून दिसतें.

याच सुमारास पक्ष्यांकडे पाहण्याची दुसरी एक दृष्टि मुंबईंतच जन्म घेत होती. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थ एकत्र जमले आणि त्यांनीं 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन केली. या आठांत दोन हिंदी होते आणि दोघेहि मराठी डॉक्टर होते. एक प्रार्थनासमाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे वनस्पतिशास्त्राचे व्यासंगी डॉ. सखाराम अर्जुन.  मात्र त्या काळीं पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बंदुकीनें पक्षी पाडणें, त्याचें कातडें सोलून पेंढा भरणें आणि मापें घेणें, असा होता. एकीकडे दया होती, तिला पक्ष्यांची ओळख नव्हती. दुसरीकडे ओळख होती, पण तिथें दयेचें काम नव्हतें. या दोन वाटा एकमेकींना मिळण्यास पुष्कळ वर्षें लागलीं.

त्या मिळण्याची एक खूण एका लहान मुलाच्या चरित्रांत सांपडते. १८९६ सालीं जन्मलेले सालिम अली लहानपणीं पोरके झाले आणि मुंबईच्या खेतवाडींत मामांच्या घरीं वाढले. हातांत छर्ऱ्याची बंदूक आली, तेव्हां घराच्या आवारांतील चिमण्या ही त्यांची पहिली शिकार. तबेल्याच्या भिंतीच्या भोंकांत चिमणीचें घरटें होतें. पहाऱ्यास बसलेला नर त्यांनीं मारला. थोड्याच वेळांत मादीनें दुसरा नर आणला, तोहि मारला. सात दिवसांत त्या एका घरट्यापाशीं आठ नर पडले आणि हें सगळें त्या मुलानें वहींत टिपून ठेवलें. पुढें गळ्यावर पिवळा डाग असलेली एक निराळीच चिमणी त्यांच्या हातीं आली. ती कोणती, हें घरांत कोणालाच सांगतां येईना. म्हणून मामांनीं त्यांना सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे धाडलें. मिलर्डसाहेबांनीं ती पीतकंठी रानचिमणी असल्याचें सांगितलें आणि कपाटें उघडून भारतांतील पक्ष्यांचा संग्रह त्या मुलापुढें मांडला. मारलेल्या चिमणीनें त्या मुलाचें आयुष्य बदललें. १९४१ सालीं त्यांचें भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध पुस्तक निघालें आणि सामान्य घरांतील माणूस बंदुकीवांचून, केवळ डोळ्यांनीं पक्षी ओळखूं लागला. आत्मचरित्रालाहि त्यांनीं पडलेल्या चिमणीचेंच नांव दिलें.

कायद्याची पावलेंहि अशींच हळूहळू पडलीं. विलायतेंतील स्त्रियांच्या टोप्यांवर पिसें खोंवण्याची फॅशन निघाली, तेव्हां विणीच्या काळांत बगळ्यांना फुटणाऱ्या मऊ, पांढऱ्या तुऱ्यांना मोठी किंमत आली. तुरे मिळावे म्हणून अंड्यांवर बसलेले बगळे मारले जात आणि पिलें घरट्यांत उपाशी मरत. या प्रकाराविरुद्ध इंग्लंडांतील कांहीं स्त्रियांनींच १८८९ सालीं चळवळ सुरू केली. इकडे १८८७ सालीं रानपक्ष्यांच्या संरक्षणाचा पहिला कायदा झाला. १९०२ सालीं पिसांच्या निर्यातीस बंदी झाली. १९१२ सालीं दुसरा, अधिक व्यापक कायदा आला. आणि १९७२ सालीं स्वतंत्र भारताचा वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तरीहि या कायद्यांतील एका यादींत उपद्रवी म्हणून कावळ्याचें नांव राहिलेंच होतें. २०२२ च्या दुरुस्तीनें ती यादी रद्द झाली, आणि पितृपक्षांत ज्याची वाट पाहावयाची, तो परसदारचा कावळा कायद्याच्या छत्राखालीं आला.

आतांपर्यंतच्या इतिहासांत शत्रु ओळखतां येत होता. बंदूक, सांपळा, फांसा, पिसांचा व्यापारी, हे सर्व डोळ्यांना दिसत होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र असें एक संकट आलें कीं, त्यांत कोणीच शिकारी नव्हता. आणि तें समजण्यासाठीं पुन्हां नागभीडच्या टापूंत यावें लागतें.

नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हा सारा मुलूख धानाचा आणि तळ्यांचा. गोंड राजांच्या अमदानींत कोहळी लोकांनीं बांधलेलीं जुनीं तळीं, ब्रिटिश अमदानींतील घोडाझरीचा मोठा तलाव, आणि भोंवतालीं दाट रान. घोडाझरीच्या रानाला २०१८ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. अशा मुलुखांत गुरेंढोरें पुष्कळ असतात. पूर्वीं प्रत्येक गांवाबाहेर ढोरें टाकण्याची एक जागा असे. मेलेलें जनावर तेथें नेऊन टाकलें कीं, थोड्याच वेळांत आभाळांत एक ठिपका दिसे. मग दहा, मग पन्नास. पाहतां पाहतां हाडांचा सांपळा तेवढा उरे. गिधाडांवर कोणी प्रेम करीत नसे. जटायूची कथा घरोघर वाचली जाई, पण जटायूच्या वंशजांकडे पाहून लोक नाक मुरडीत. तरीहि गांवाचें आरोग्य त्यांच्या चोंचीवर अवलंबून होतें.

१९८० च्या सुमारास देशांत गिधाडें कोट्यवधींच्या संख्येंत असावींत, असा अंदाज आहे. १९९० नंतर तीं दिसेनाशीं होऊं लागलीं. राजस्थानांत भरतपूर येथें त्यांचीं घरटीं मोजणारे डॉ. विभु प्रकाश यांच्या हें प्रथम ध्यानांत आलें. झाडावर बसलेलें गिधाड मान खालीं टाकून दिवसेंदिवस तसेंच बसे आणि एके दिवशीं खालीं कोसळे. शतक संपतांना तेथील घरटीं जवळजवळ नाहींशीं झालीं होतीं. १९९२ पासून २००७ पर्यंतच्या पंधरा वर्षांत भारतांतील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या शेंकडा ९९.९ नें घटली. म्हणजे हजारांत एक उरलें. कोणी म्हणाले, सांथ आली. कोणी म्हणाले, कीटकनाशकें. कोणी म्हणाले, झाडें तुटलीं. खरें कारण २००४ सालीं बाहेर आलें. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पाकिस्तानांत मेलेलीं गिधाडें तपासलीं, तेव्हां त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होऊन शरीरांत युरिक आम्लाचे पांढरे थर साचलेले आढळले. आणि त्याचें मूळ एका औषधांत होतें. डायक्लोफेनॅक हें त्याचें नांव.

हें औषध वेदना शमविणारें आहे. माणसें तें घेतातच. १९९० नंतरच्या दशकांत तें जनावरांसाठीं स्वस्तांत मिळूं लागलें. बैलाचा पाय सुजला, गाईची कास दुखली, कीं त्याची सुई दिली जाई. पुष्कळदां तें जनावर मरणपंथासच लागलेलें असे आणि त्याचे शेवटचे दिवस तरी सुखाचे जावे, एवढाच धन्याचा हेतु असे. तें मेल्यावर गांवाबाहेर टाकलें जाई, आणि त्या मांसांतून औषध गिधाडांच्या पोटांत जाई. शंभरांतील एकाहूनहि कमी शवांत तें औषध असलें, तरी गिधाडांचा निर्वंश होण्यास तेवढें पुरे होतें, असें पुढें गणितानें दाखविलें. कारण एका शवावर एका वेळीं गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो. ज्या मालकानें आपल्या बैलावर दया केली, त्याच्या हातून हें घडलें. त्याला दोष देतां येत नाहीं. दुखऱ्या बैलाला गोठ्यापलीकडेहि नातीं असतात आणि त्यांचें टोंक आभाळापर्यंत जातें, हें त्याला कोणी सांगितलेंच नव्हतें. शिबिराजाला जें उमगलें होतें, तेंच येथें निसटलें.

गिधाडें गेलीं तसें टाकलेलें मांस सडूं लागलें, गांवोगांव भटकीं कुत्रीं वाढलीं आणि त्यांच्याबरोबर रोगहि वाढले. २००० ते २००५ या पांच वर्षांत देशांत यामुळें सुमारें ५ लाख माणसें अधिक मेलीं असावींत, असा हिशेब दोन अर्थशास्त्रज्ञांनीं २०२४ सालीं मांडला. ज्या पक्ष्याला कोणी दारांत उभें केलें नाहीं, त्याच्या जाण्याची किंमत माणसाच्या घरानें दिली.

यानंतर जें झालें, त्यांत दया आणि ओळख प्रथमच हातांत हात घालून चाललेलीं दिसतात. २००६ सालीं जनावरांसाठीं डायक्लोफेनॅकवर भारतांत बंदी आली. मेलॉक्सिकॅम हें औषध बैलाला तसाच आराम देतें आणि गिधाडाला अपाय करीत नाहीं, असें प्रयोगानें सिद्ध झालें होतें. तें पुढें आलें. माणसांसाठीं निघणाऱ्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत जात, म्हणून २०१५ सालीं ती बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित केली गेली. त्याच जातीचीं आणखी दोन औषधें २०२३ सालीं जनावरांसाठीं बंद झालीं. हरियाणांत पिंजोर येथें उरल्यासुरल्या गिधाडांच्या प्रजननाचें केंद्र उभें राहिलें. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडें घालते आणि पिलूं वयांत येण्यास सुमारें पांच वर्षें लागतात. तेव्हां पंधरा वर्षांत झालेली हानि भरून निघण्यास किती पिढ्या लागतील, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. गडचिरोली जिल्ह्यांत कुनघाड्याच्या बाजूला थोडीं गिधाडें तग धरून होतीं. त्यांना औषधाचा अंश नसलेलें मांस मिळावें, म्हणून वनखात्यानें तेथें खाद्य ठेवण्याच्या जागा केल्या आणि गांवच्याच लोकांवर राखणीचें काम सोपविलें.

नागभीडहून फार दूर नसलेल्या ताडोबाच्या रानांत जानेवारी २०२४ मध्यें पिंजोरहून पांढऱ्या पाठीचीं दहा गिधाडें आणलीं गेलीं. बोटेझरी येथें मोठ्या पिंजऱ्यांत कांहीं महिने ठेवून, अंगावर ठावठिकाणा कळविणारीं लहान यंत्रें बसवून, ऑगस्टमध्यें त्यांना आकाश मोकळें करून दिलें. त्यांतील एक पक्षी सुमारें ४००० किलोमीटर फिरत फिरत तामिळनाडूंत पोंचला. पिंजऱ्यांत जन्मलेल्या त्या पक्ष्यानें एवढें आकाश कापलें. आणि तेथें विजेच्या तारेचा धक्का बसून तो मेला. यश आणि हानि एकाच वार्तेंत आलीं. परंतु तो कोठें गेला आणि कशानें मेला, हें लोकांना कळलें, एवढा तरी फरक तीस वर्षांत पडला. १९९० नंतर मेलेल्या कोट्यवधि गिधाडांविषयीं तेवढेंहि कळलें नव्हतें.

विजेच्या तारा आणि शेतांतील विष, हीं दोन संकटें झाडीपट्टींतील आणखी एका पक्ष्यावर आलीं आहेत, आणि तो म्हणजे वाल्मीकींच्या क्रौंचाशीं ज्याचें नातें जोडतात, तो सारस. माणसाएवढा उंच हा पक्षी महाराष्ट्रांत मुख्यतः गोंदिया आणि भंडारा या जिल्ह्यांच्या धानाच्या बांधींत उरला आहे, तोहि अगदीं थोडा. पावसाळ्यांत उभ्या धानांत तो गवताचें मोठें घरटें रचतो, एक-दोन अंडीं घालतो आणि जोडींतील दोघेहि महिनाभर तीं उबवितात. बांधी शेतकऱ्याची, धान शेतकऱ्याचें; घरट्यापायीं पिकाची थोडी नासाडी ठरलेली. तेथें 'सेवा' नांवाच्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनीं शेतकऱ्यांशीं बोलून अनेक घरटीं राखलीं. शेतकऱ्यानें अंडीं उचलून घरीं न्यावयाचीं नाहींत, उबवावयाचीं नाहींत. पिलें चालूं लागेपर्यंत तेवढ्या तुकड्यांत पाय ठेवावयाचा नाहीं, इतकेंच त्याला करावयाचें असतें. २०२१ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेंहि सारसांच्या घटत्या संख्येची आपण होऊन दखल घेतली. याच मुलुखांत नवेगावबांध येथें वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली यांनीं माधवराव पाटलांसारख्या गांवच्या जाणत्यांकडून पक्ष्यांचीं नांवें, घरटीं आणि संवयी शिकून घेतल्या आणि त्या मराठींत लिहून ठेवल्या. जून २०२५ मध्यें ते निवर्तले. पक्ष्याला वांचवावयाचें तर आधीं त्याला नांवानें हांक मारतां आली पाहिजे, हें त्यांच्या पुस्तकांनीं मराठी घरांना शिकविलें.

हाच धडा परसदाराला लावून पाहिला पाहिजे. घरचिमणी तसबिरीमागें घरटें करीत असे. नव्या घरांना वळचण उरली नाहीं, भिंतींना भोंकें उरलीं नाहींत आणि ती शहरांतून कमी झाली. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनीं तिच्यासाठीं लांकडी पेट्या टांगण्याची चळवळ उभी केली आणि २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जाऊं लागला. संक्रांतीच्या दिवसांत नागपुरास पतंगांची धूम असते. नायलॉनच्या मांजानें घारी, कबुतरें, बगळे यांचे पंख कापले जातात. २०१७ सालीं त्या मांजावर देशभर बंदी आली. तरी झाडांवर अडकलेला जुना मांजा पुढें अनेक दिवस पांखरांना धरीत राहतो. तो काढून टाकणें हें कोणाहि घराला जमण्याजोगें काम आहे. कापलेल्या पंखाला शिवणें मात्र घरच्या सुईचें काम नव्हे. त्यासाठीं नागपुरांत सेमिनरी हिल्सवर वनखात्याचें उपचार केंद्र आहे.

आणि आतां त्या वळिवाच्या सायंकाळीं सांदवाडींत पडलेल्या पिलाकडे परत येतां येईल. आजीची समजूत जुनी आहे, पण खरी नाहीं. परसांत वावरणाऱ्या पांखरांचें नाक माणसाचा वास ओळखून पोटच्या पोराला टाकून देण्याइतकें तीक्ष्ण नसतें. हात लागला म्हणून आई पिलाला टाकीत नाहीं. पिसें फुटलेलें, टुणटुण उड्या मारणारें, आंखूड शेपटीचें पिलूं बहुधा पडलेलें नसतेंच. तें घरटें सोडून बाहेर आलेलें असतें. बुलबुलाचीं पिलें बारा-तेरा दिवसांचीं झालीं, कीं नीट उडतां येण्यापूर्वींच घरट्याबाहेर पडतात आणि आईबाप त्यांना झुडपांत, जमिनीवर, जेथें असतील तेथें किडे भरवितात. मूल तें पिलूं उचलून घरांत नेतें, तेव्हां आई जवळच्या फांदीवर चोंचींत किडा धरून बसलेली असते. तिला वाट करून देण्यासाठीं मुलांनीं घरांत यावयाचें, मांजराला कोंडून ठेवावयाचें आणि पिलाला जवळच्या झुडपांत, थोडें उंचावर ठेवावयाचें. अंगावर पिसेंच नसलेलें, उघडें पिलूं असेल तर त्याला त्याच्याच घरट्यांत परत ठेवावें. घरटें मोडलें असेल तर लहान टोपलींत सुकें गवत घालून ती त्याच फांदीला बांधावी. पुष्कळदां आईबाप त्या टोपलीलाच घरटें मानतात.

खरोखरच पंख मोडलेला असेल, रक्त येत असेल, मांजरानें धरलें असेल, तर निराळें. मांजराचा दांत लहान लागला तरी त्यावरचे जंतु अंगांत भिनतात, म्हणून जखम दिसत नाहीं एवढ्यावर थांबूं नये. चोंचींत पाणी मात्र कधींहि सोडूं नये. पक्ष्याच्या श्वासनळीचें तोंड जिभेच्या मुळाशींच असतें. चमच्यानें ओतलेलें पाणी सरळ फुफ्फुसांत जातें आणि पाणी पाजणाराच्या हातांत पांखरूं मरतें. दूध पांखरांना पचत नाहीं. भोंकें पाडलेल्या खोक्यांत जुनें फडकें घालून त्यांत पांखरूं ठेवावें, खोकें झांकून अंधाऱ्या, शांत जागीं ठेवावें, मुलांनीं पुन्हां पुन्हां उघडून पाहूं नये, आणि वनखात्याला कळवावें. नागभीडला वनपरिक्षेत्राचें कार्यालय आहे, आणि १९२६ हा वनखात्याचा दूरध्वनि क्रमांक आहे. बरें झालेलें पांखरूं हौसेखातर पिंजऱ्यांत ठेवणें हा १९७२ च्या कायद्यानें गुन्हा आहे, मग तो विठूविठू म्हणणारा पोपट कां असेना.

पांजरपोळ काढणाऱ्यांनीं जखमी जीवाला छप्पर दिलें, सोसायटीनें त्याचें नांव शोधलें, कायद्यानें बंदूक खालीं ठेवायला लावली, आणि गिधाडांनीं आपला जीव देऊन एक कठीण गोष्ट शिकविली. मुलांना ती शिकविणें अवघड नाहीं. पुढचा वळीव येईल, सांदवाडींत पुन्हां कांहींतरी हललेलें दिसेल आणि हात आपोआप पुढें होईल. तो हात क्षणभर आंवरून, आधीं वर फांदीकडे पाहावें. तेथें बहुधा कोणीतरी चोंचींत किडा धरून बसलेलें असतें आणि माणसें केव्हां आंत जातात याची वाट पाहत असतें.